तीन नंबरचा कप्पा

मॅच संपून वीस तास झाले तरी भोंगा बोलत नव्हता.

भोंगा गप्प म्हणजे काय, ते कॉलेजात कुणालाही विचारा. ज्याचं नावच आवाजावरून पडलंय, जो वर्गात हजेरी देतानाही समालोचन केल्यासारखी देतो, तो माणूस झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर चहाचा कप धरून बसला होता आणि चहावर साय आली होती. बाकीचे सात-आठ जण त्याच्याकडे बघत होते. हा बोलल्याशिवाय आपण काय बोलायचं, असं झालं होतं सगळ्यांचं.

मैदानाच्या गेटसमोर काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाला चार पायऱ्या आहेत. कॉलेजच्या फुटबॉलची खरी कमिटी ती हीच. कोचने डावीकडे कुणाला खेळवावं, नवीन टर्फवर गुडघे का सोलतात, मुलींच्या टीमला मैदान भर दुपारी दोनलाच का देतात, खेळाडूंना हजेरीत सूट द्यावी की नाही, फोनवरच्या सट्ट्याच्या ॲपने खेळाची माती केली की नाही, सगळ्याचा निकाल या पायऱ्यांवर लागतो. आम्हाला कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी, असं काका म्हणतात. 'आम्हाला' म्हणतात. काका स्वतःला कमिटीतच धरतात.

वरून तिसऱ्या पायरीवर, भिंतीच्या बाजूला, नोंद्या बसायचा. नोंद्याचं काम नोंदी. कॉर्नर किती, फाउल किती, कोण कितव्या मिनिटाला दमला, कोणाची बुटाची नाडी किती वेळा सुटली. वडील रंगारी, लहानपणापासून त्यांच्याबरोबर शिडी धरून उभा राहिलेला. शिडीच्या पायऱ्या खालून मोजायच्या, 'चौथीवर आहे, पाचवीवर जातोय' असं बाबा वरून सांगायचे. तेव्हापासून याला सगळंच खालून मोजायची सवय. गोलचे त्याने वहीत सहा कप्पे केलेले होते. जगात सगळे वरून आकडे घालतात. नोंद्या खालून घालायचा. खाली एक, दोन, तीन. वर चार, पाच, सहा. पोरं हसायची. तो म्हणायचा, गोल जमिनीवर उभा असतो की आभाळाला टांगलेला असतो?

तर कालची सेमीफायनल. पेनल्टीवर गेली. चार-चार झाले आणि पाचवी मारायला आला डावऱ्या. डाव्या पायाचा, कॉलेजचा दहा नंबर, चार वर्षांत महत्त्वाची पेनल्टी न चुकवलेला माणूस. लोकांनी आधीच एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले होते. डावऱ्याने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला, धावला, आणि तो मारायच्या आधीच समोरचा कीपर कोपऱ्यात आडवा झालेला होता. बॉल जाऊन त्याच्या हातात बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, ठरवून दिल्यासारखा.

पुढची त्यांनी मारली आणि संपलं.

त्या क्षणी मैदानावर जी शांतता झाली, ती नोंद्याला वीस तासांनंतरही कानात ऐकू येत होती. पण त्याच्या मनात दुसरंही काहीतरी होतं आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डावऱ्या धावायच्या आधी नोंद्या तोंडातल्या तोंडात म्हणाला होता, "तीन." आणि बॉल तीनातच गेला होता. बॉल अडला, मॅच गेली, सगळं खरं. पण डोळ्याची पापणी लवेल तेवढा वेळ त्याला आनंद झाला होता. आपलं बरोबर आलं.

त्याला 'तीन' कळलं कसं, तर त्यामागे मोजा होता. गेल्या दोन महिन्यांत नोंद्याने सरावात आणि मॅचमध्ये मिळून डावऱ्याच्या एकतीस पेनल्ट्या पाहिल्या. त्यातल्या एकोणीस वेळा डावऱ्याने धावायच्या आधी वाकून डावा मोजा वर ओढला. आणि त्या एकोणिसातले अठरा बॉल तीन नंबरच्या कप्प्यात गेले. कालही त्याने मोजा ओढला होता. नोंद्याने हे सगळं आकृतीसकट लिहून काढलं. वर नाव दिलं 'डावऱ्याचा मोजा'. ते काचेवर आलं.

काचेवर येणं ही पायऱ्यांवरची सगळ्यात मोठी पदवी. मॅचच्या आधीच्या आठवड्यात कुणी काही अभ्यास करून लिहिलं आणि काकांना पटलं, तर काका ते मोठ्या कागदावर छापून दुकानाच्या काचेवर चिकटवतात. नोंद्याचा कागद सहा दिवस होता. भोंग्याने तो उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला होता, फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. येणारा-जाणारा थांबून बघायचा. नोंद्याने त्या आठवड्यात मुद्दाम रस्त्याच्या पलीकडून दोनदा जास्त फेऱ्या मारल्या, लोक वाचतायत का ते बघायला.

शेवटी भोंगा बोलला. हळू बोलला, तेच भयंकर वाटलं.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "कीपरला. आधीच माहीत होतं."

मग सगळ्यांची तोंडं एकदम सुटली. एकाने सांगितलं की डावऱ्याकडे नवीन फोन आलाय. दुसऱ्याने सांगितलं की तो शनिवारी सरावानंतर कुणाशी तरी गेटबाहेर अर्धा तास बोलत होता. तिसऱ्याने सट्ट्याच्या ॲपचा विषय काढला, दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजात म्हणे अख्खी डावी बाजू विकली गेली होती. कुणाचा यावर विश्वास नव्हता आणि कुणी थांबतही नव्हतं. डावऱ्या. आपला डावऱ्या. जो हरलेल्या मॅचनंतरही येऊन पायऱ्यांवर शिव्या खायचा आणि वर चहा पाजायचा.

भोंगा नोंद्याकडे वळला. "तुझी वही काय म्हणते?"

वही काय म्हणते यावर पायऱ्यांवरची भांडणं मिटायची. नोंद्याने जे पाहिलं तेच सांगितलं. कीपर बॉल सुटायच्या आधी गेला. पायाचा बॉलला स्पर्श व्हायच्या आधी.

"बघा," भोंगा म्हणाला. "नोंद्या सांगतोय."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजात हेच. नोंद्या सांगतोय. मंगळवारी सकाळी काचेवर नवीन कागद आला, भोंग्याने स्वतः लिहिलेला. वर मोठ्या अक्षरात 'दहा नंबर, तू कुणाचा?' काकांनी छापताना दोनदा विचारलं म्हणे, नक्की ना रे. मग छापला. मंगळवारी दुपारी बातमी आली की क्रीडा समितीने डावऱ्याला गुरुवारी अकराला बोलावलंय. दोष सिद्ध झाला तर टीममधून बाहेर, आणि खेळाडू म्हणून मिळालेली हॉस्टेलची खोलीही गेली. खोली गेली म्हणजे कॉलेज गेलं, कारण त्याचं घर बसने सात तासांवर.

डावऱ्या पायऱ्यांकडे आला नाही. एकदा गेटमधून बाहेर पडताना दिसला. त्याने काच वाचली. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला आणि गेला. कुणी हाक मारली नाही. नोंद्याने वही उघडली आणि उगाच काहीतरी खरडलं.

बुधवारी दुपारी फोटोवाली आली. ही कॉलेजच्या मासिकासाठी फोटो काढायची. आधी मुलींच्या टीमची गोलकीपर होती, बोट मोडल्यावर कॅमेरा घेतला. पायऱ्यांवर येऊन बसणारी ती एकटीच मुलगी, आणि दोन वाजताच्या मैदानावरून सगळ्यांना झापणारीही तीच. तिला मासिकात छापायला सेमीफायनलचा एक फोटो निवडायचा होता आणि तारीख-मिनिटं नोंद्याकडून हवी होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती एकेक दाखवत गेली.

"हा बघ, तुमचा खलनायक," ती म्हणाली. त्यांचा कीपर. पेनल्ट्या चालू व्हायच्या आधी पाणी पीत होता. हातात निळी बाटली, बाटलीवर पांढरा कागद चिकटवलेला.

नोंद्याने विचारलं, कागद कसला.

"अरे, चिठ्ठी. कीपर लावतात ना. कोण कुठे मारतो ते लिहून ठेवायचं, पाणी प्यायच्या निमित्ताने वाचायचं. मीपण लावायचे." तिने फोटो मोठा केला. "इथेच बघ, काही कळतंय का."

कागदावर मार्करने पाच ओळी होत्या. पहिल्या चार खेळाडूंच्या आकड्यांपुढे प्रश्नचिन्हं. पाचव्या ओळीत दहा, पुढे 'मोजा ओढला तर ३'. आणि खाली छोटी आकृती. एक चौकोन, त्याचे सहा कप्पे, कप्प्यांत आकडे.

खाली एक, दोन, तीन. वर चार, पाच, सहा.

नोंद्याच्या हातातून पेन पडलं. पडलं, पायऱ्यांवरून टपटप करत खाली गेलं, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबलं. त्याने ते उचललं नाही. फोटोवाली तारीख विचारत होती आणि त्याला तारीख आठवत नव्हती. त्याला. ज्याला कितव्या मिनिटाला कुणाची नाडी सुटली ते आठवतं, त्याला रविवारची तारीख आठवत नव्हती.

"हे आकडे खालून का घातलेत?" फोटोवाली स्वतःशीच म्हणाली. मग तिने नोंद्याकडे बघितलं. मग परत फोटोकडे. मग लॅपटॉप हळूच मिटला.



खरं सांगायचं तर गोष्ट शेंबड्या पोरालाही कळण्यासारखी होती. रस्त्यावरच्या काचेवर कागद लावलाय, रस्ता सगळ्यांचा आहे. पण पायऱ्यांवरच्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं की ही काच आपल्याशिवाय कुणी वाचत असेल. काच आपली. काका आपले. डावऱ्या आपला. आपलं आपण आपल्याला सांगत होतो.

नोंद्या उठून दुकानात गेला. काका मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होते. त्याने विचारलं, माझा तो मोज्याचा कागद कुणी मागितला होता का.

काकांचा चेहरा उजळला. "अरे, सांगायचंच राहिलं. गेल्या गुरुवारी एक सर आले होते, ट्रॅकसूट घातलेले. खूप कौतुक केलं तुझं. म्हणाले, पोराने काय अभ्यास केलाय. दोन प्रती घेऊन गेले."

"कुठले सर?"

"ते नाही विचारलं," काका म्हणाले. आणि मग मशीनमधला कागद तसाच हातात धरून ते नोंद्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण आता ते हसू नव्हतं. थोड्या वेळाने ते स्टुलावर बसले. "मी त्यांना चहा पाजला रे," एवढंच म्हणाले.

घरी बाबा अंगणात बसून रॉकेलच्या फडक्याने नखांतला रंग काढत होते. त्यांनी याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, कुणाशी मारामारी झाली का. नोंद्याने सगळं सांगितलं. काच, मोजा, बाटली, आणि 'नोंद्या सांगतोय' हेही. बाबांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी फक्त विचारलं, त्या कीपरने मोजा बघितला, म्हणजे त्याने चोरी केली का? नोंद्या म्हणाला, नाही, त्याने त्याचं काम केलं.

बाबा बराच वेळ अंगठ्याचं नख घासत होते.

"मी एकदा चुकीचं घर रंगवलं होतं," ते म्हणाले. "लग्नाआधी. दोन नंबरचं सांगितलेलं, तीन नंबरचं रंगवलं. बाहेरून पूर्ण. पिवळं."

नोंद्याने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्याने विचारलं, मग?

"मग काय. मालक परगावी होता. पळून जाता आलं असतं. पण शिडी कुठे लपवणार? वीस फुटी शिडी. अख्ख्या गल्लीला माहीत ती कुणाची." त्यांनी फडकं झटकलं. "बसलो त्याच्या दारात. आला तेव्हा सांगितलं. एवढा हबकला होता तो माणूस, आधी आपलं घर ओळखूच शकला नाही. किल्ली काढून शेजारी गेला."

नोंद्याला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. बाबा तिकडे बघितलं नाही असं करून आत गेले.

गुरुवारी सकाळी दहाला तो पायऱ्यांवर गेला आणि फोटोवालीने पाठवलेला फोटो त्याने भोंग्याच्या हातात दिला. समजवावं लागलं नाही. भोंग्याने तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"कुणाला दाखवलास?" त्याने विचारलं.

"आता समितीला दाखवतो."

भोंगा म्हणाला, थांब जरा, विचार कर, तुला कॉलेजातून काढतील, आपल्या सगळ्यांना मैदानात पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि ग्रुपवर तर फोटो मीच टाकला होता. हे सगळं तो एका दमात बोलला. मग थांबला. उठला, काचेपाशी गेला आणि 'दहा नंबर, तू कुणाचा?' हा कागद नखांनी खरवडून काढायला लागला. काकांनी चांगला घट्ट चिकटवला होता. निम्मा निघाला, निम्मा काचेवरच राहिला. 'तू कुणाचा' एवढंच.

समितीच्या खोलीबाहेर शिपाई म्हणाला, यादीत तुझं नाव नाही. नोंद्या म्हणाला, असायला पाहिजे होतं. शिपायाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने दार उघडलं.

आत लांब टेबल, टेबलामागे क्रीडाप्रमुख, एक बाई काहीतरी लिहून घेत होत्या, बाजूला कोच. आणि समोर खुर्चीवर डावऱ्या. त्याचे डोळे आत गेले होते, दाढी वाढली होती. टेबलावर त्याचा फोन ठेवलेला, शेजारी मामांनी लिहून पाठवलेला कागद, की फोन आम्ही वाढदिवसाला दिला. आता हे सिद्ध करावं लागत होतं. गेटबाहेर अर्धा तास ज्याच्याशी बोलत होता, तोही मामाच निघाला.

नोंद्याने वही टेबलावर ठेवली, फोटो ठेवला, काचेवरच्या कागदाची प्रत ठेवली. बोलायचं ठरवून आला होता ते सगळं विसरला आणि खालून सुरुवात केली, त्याच्या सवयीप्रमाणे. आधी बाटली, मग ट्रॅकसूटवाले सर, मग काच, मग मोजा, आणि शेवटी आपण. सोमवारी 'कीपर आधी गेला' हे मीच सांगितलं, तो म्हणाला. ते खरं होतं. पण का गेला, ते मला माहीत नव्हतं आणि मी गप्प बसलो नाही.

पंख्याचा आवाज येत होता. बाईंचं लिहिणं थांबलं होतं. क्रीडाप्रमुखांनी चष्मा काढला, फोटो जवळ धरला, चष्मा लावला, परत धरला. कोचने वही ओढून घेतली आणि एकतीस ओळींवरून बोट फिरवलं.

"चार वर्षं शिकवतोय मी याला," कोच म्हणाले. "मला नाही दिसलं."

मग सगळे डावऱ्याकडे बघायला लागले. तो आपल्या डाव्या पायाकडे बघत होता. साधी चप्पल होती पायात, मोजा नव्हताच.

"मी मोजा ओढतो?" त्याने विचारलं.

खोलीत कुणालाच हसू आलं नाही. तो खरंच विचारत होता. नोंद्या म्हणाला, हो.

"नेहमी?"

"एकतीसात एकोणीस वेळा."

डावऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. समितीने दहा मिनिटांत प्रकरण मिटवलं, कागदावर सह्या झाल्या, नोंद्याला ताकीद मिळाली आणि काचेवर यापुढे काहीही लावायचं नाही असं ठरलं. डावऱ्या तसाच बसून होता. बाहेर भोंगा उभा होता, त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, डावऱ्या त्याच्याकडे न बघता पुढे गेला. जिन्यापाशी मात्र तो नोंद्यासाठी थांबला.

"चार दिवस मला वाटत होतं," तो म्हणाला, "की सगळेच म्हणतायत तर आपणच काहीतरी केलं असेल. आठवत नसेल." आणि जिना उतरून गेला. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही.

पुढच्या आठवड्यात सराव सुरू झाला. पायऱ्यांवर गर्दी कमी होती. भोंगा यायचा, पण चहा संपवून निघून जायचा. काका काच रोज पुसायचे, तरी 'तू कुणाचा'चा डिंक काही निघत नव्हता.

नोंद्या मैदानाच्या जाळीला टेकून उभा होता. वही काखेत, बंद. आत डावऱ्या पेनल्टी मारत होता. त्याने मोजे घोट्यापर्यंत गुंडाळून ठेवले होते, ओढायला काही उरूच नये म्हणून. बॉल ठेवला, चार पावलं मागे, धावला. एक नंबरात गेला. परत ठेवला. दोन. परत ठेवला, मागे गेला, तीन. मग सहा. मग तीन.

नोंद्याचा हात आपोआप वहीकडे गेला. पेन निघालं, टोपण उघडलं. एवढ्यात परत तेच झालं आणि बॉल परत तीनात. त्याने पेनाचं टोपण लावलं, मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं, पायऱ्यांवरही कुणी नव्हतं. तो जाळीच्या कडेकडेने चालत गोलच्या मागे जाऊन उभा राहिला.

डावऱ्या बॉल आणायला आला. नोंद्याला बघून थांबला.

"बाही," नोंद्या एकदम हळू म्हणाला.

"काय?"

"मोजा बंद झाला. आता डावी बाही ओढतोस. तीनदा ओढलीस, तिन्ही तीनात."

डावऱ्याने मान खाली घातली. त्याच्या उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या बाहीचं टोक तसंच धरलेलं होतं. तो त्या हाताकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात येऊन आपल्या बाहीला लागलाय.